माणशी साडेतीन हजारांची शांतता

कोनच्या माणसाला आवाजाचं वावडं नसतं, कारण असून चालत नाही. गावाच्या एका अंगाला उल्हासची खाडी, खाडीपलीकडे कल्याणचा दुर्गाडी किल्ला, दुसऱ्या अंगाला भिवंडी आणि मधोमध कल्याण-भिवंडी रस्ता. या रस्त्यावरून कंटेनर जातात असं बाहेरचे लोक समजतात. जात नाहीत, वस्तीला असतात. अधूनमधून जागा बदलतात इतकंच. त्यात मेट्रो पाचचं काम. त्यात लग्नसराई. आगऱ्यांच्या घरात लग्न ही हळदीनंतर उरकायची एक औपचारिकता असते. खरा सोहळा आदल्या रात्रीचा. बेंजो सुरू झाला की खिडकीची तावदानं तालात वाजतात, आणि एका रात्री दोन हळदी असल्या तर मधल्या घरातल्यांना दोन्ही गाणी एकात एक मिसळून पाठ होतात. आमच्याकडे मूल अभ्यासाला बसलं की कुणी टीव्ही बंद करत नाही. अचानक सगळं शांत झालं तर पोर दचकेल.

म्हणून आमचा दादूस, म्हणजे थोरल्या काकांचा मुलगा, एक दिवस जेवताना "मना जरा शांतता पायजे" असं म्हणाला, तेव्हा काकीने आधी त्याच्या कपाळाला हात लावून पाहिला. ताप नव्हता. त्याने मोबाइलवर एक फोटो पाहिला होता. डोंगराच्या कुशीत लाकडी केबिन, पुढे व्हरांडा, व्हरांड्यात एक खुर्ची, खुर्चीत एक बाई, बाईच्या हातात कॉफीचा मग आणि शेजारून वाहणारा ओढा. फोटोत दुसरं कुणी नव्हतं. आम्हाला सगळ्यात जास्त अचंबा त्याचाच वाटला. बाईच्या घरचे गेले कुठे?

गेल्या काही वर्षांत मुरबाड, शहापूर, कर्जत, इगतपुरी या सगळ्या पट्ट्यात अशा केबिनींचं पीक आलंय. छप्पर दोन्ही बाजूंनी थेट जमिनीपर्यंत उतरलेलं, पुढे काचेचं दार, आत पिवळा दिवा. हा आकार बर्फाच्या देशातला. छपरावर बर्फ साचू नये म्हणून उतार एवढा उभा. सह्याद्रीच्या पायथ्याशी बर्फ दिसतो तो फक्त मासळीबाजारात. पण उतार वाया जात नाही, कारण आमच्याकडे पाऊस बर्फाचंही काम करतो. हे इथल्या ठाकरांना आणि वारल्यांना कधीपासून माहीत आहे. कारवीच्या कुडाच्या भिंती, वर शेणमातीचं लिंपण, छप्पर चांगलं उतरतं, आत चूल. त्या घरात राहायला एका रात्रीचे साडेतीन हजार कुणी दिल्याचं ऐकिवात नाही. त्याच घराला काचेचं दार आणि गरम पाण्याचा गीझर बसवला की ते एकदम निसर्गाच्या सान्निध्यात जातं.

ठाणे जिल्ह्यातल्या माणसाला डोंगरावर पळून जावंसं वाटणं हे मात्र मोबाइलने आणलेलं खूळ नाही. १८५० च्या मे महिन्यात ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट चौक गावाजवळचा डोंगर चढून गेले. वर झाडी होती, सावली होती, वारा होता. माथेरानचा शोध लागला तो असा. मे महिन्यात ठाण्यात राहिलेल्या कुणालाही मॅलेटसाहेबांचं मन कळेल. डोंगरावर तेव्हाही धनगर, ठाकूर, कातकरी होतेच, आणि आपण हरवलोय अशी त्यांची तक्रार नव्हती. पण जागा सापडली असं म्हणायला कलेक्टर लागतो. साहेबांनी लवकरच वर घर बांधलं, त्यांचं पाहून इतरांनी बांधली, आणि १९०७ मध्ये नेरळहून छोटी गाडी वर जाऊ लागली. मोटारींना माथेरानात आजही बंदी आहे. म्हणजे शांतता हवी तर माथेरान हा सरळ उपाय होता. नानांनी, म्हणजे थोरल्या काकांनी, तो एका वाक्यात निकालात काढला. "गाडी दस्तुरीला ठेवून पुढं चालत जायाचा? मंग गाडी घेतली कशाला?"

शेवटी टोकावड्याच्या पुढची, माळशेजच्या रस्त्यालगतची एक जागा ठरली. नाव सांगत नाही, पुन्हा जायचं आहे. दादूसच्या मनात चौघांनी जावं असं होतं. त्याने तसा व्हॉट्सअ‍ॅपवर ग्रुप काढला आणि त्याला 'मनःशांती' असं नाव दिलं. रात्रीपर्यंत त्यात आत्याचं सगळं घर, मेहुण्याचे मित्र आणि आम्हाला आजवर न दिसलेला एक भाचा होता. कोनमध्ये सहलीला बोलवावं लागत नाही. कुणाला तरी न बोलवायचं ठरलं, एवढी बातमी पुरते.

तारखेवर फार वाद झाला नाही. श्रावणात शांतता मिळाली असती, पण कोंबडी मिळाली नसती. म्हणून श्रावणाआधीचा शनिवार-रविवार. आषाढाच्या अमावस्येला पंचांगात दिव्यांची अवस असते; आमच्या पट्ट्यात तिला गटारी म्हणतात, आणि तिच्या आधीच्या रविवारी अर्धा ठाणे जिल्हा मन शांत करायला डोंगराकडे निघतो. सगळे एकाच वेळी, एकाच रस्त्याने. पावसाळ्यात धबधब्यांवर जिल्हाधिकाऱ्यांचे बंदी आदेश निघतात, त्यामुळे दादूसने धबधब्याचं नाव काढलं नाही. जागेच्या माहितीपत्रकात 'ओढ्याकाठची निसर्गफेरी' असं छापलं होतं. ओढ्यावर बंदी नव्हती.

सामानाची यादी काकीने केली. बाहेरचं खाणं आणू नये असं त्या जागेच्या नियमात होतं. काकीच्या मते घरून नेलेलं खाणं बाहेरचं कसं होईल? बाहेरचं म्हणजे त्यांचं. तर तांदळाच्या भाकऱ्या, सुके बोंबील, जवळ्याची चटणी, कोलंबीचं लोणचं, आणि वाटेत काही मिळालं नाही तर असावा म्हणून एक पूर्ण स्वयंपाक निघाला. निवांत पडून वाचायला दादूसने एक पुस्तक घेतलं होतं. ते भाकऱ्यांच्या डब्याखाली गेलं ते परत आल्यावरच वर आलं.

कोनहून निघालं की पहिला डोंगर दुर्गाडीचा पूल. तो चढायला लागणारा वेळ कुठल्याही गिर्यारोहकाने नोंदवून ठेवावा असा असतो. खाली खाडी, समोर किल्ला. १६५७ मध्ये शिवाजी महाराजांनी कल्याण-भिवंडी घेतली आणि मराठ्यांच्या आरमाराची सुरुवात इथेच झाली म्हणतात. पुलावर अडकलेला प्रत्येक माणूस केव्हा ना केव्हा खाली बघतो आणि त्याला पटतं की महाराजांनी जलमार्ग निवडला ते बरोबरच होतं. पुढे शहाड, म्हारळ, वरप, कांबा. रायत्याच्या पुलावर उल्हास पुन्हा भेटली, लाल आणि भरलेली. गोवेलीनंतर हिरवं सुरू झालं. "वा," म्हणाला दादूस आणि काच खाली केली. मागून मेहुण्याच्या गाडीतलं हळदीचं गाणं आत आलं.

मुरबाडनंतर रस्त्याच्या कडेला आदिवासी बाया रानभाज्या घेऊन बसलेल्या होत्या. कंटोळी, कुळू, टाकळा. काकीने गाडी थांबवली. निसर्गाच्या सान्निध्याचं अर्ध्याहून अधिक काम तिथेच उरकलं, कारण काकीला कंटोळ्यांचा भाव पटेना आणि त्या बाईला काकी पटेना. दोघी तोडीस तोड निघाल्या. शेवटी भाव तोच राहिला, वर टाकळ्याची एक जुडी आली, आणि दोघींच्या माहेरच्या गावांची विचारपूस झाली. वैशाखऱ्याजवळ दादूसने नाणेघाटाकडे बोट दाखवलं आणि दोन हजार वर्षांपूर्वीचे सातवाहन, राणी नागनिकेचा लेख आणि घाटाच्या तोंडाशी ठेवलेला, जकातीचा म्हणून दाखवतात तो दगडी रांजण, असं सगळं सांगितलं. नानांना फक्त रांजण आवडला. केबिनीच्या फाटकाशी खोलीची अनामत, गाडी लावायचे पैसे आणि डब्यांचा दंड असे तीन वेगवेगळे आकडे समोर आले, तेव्हा ते म्हणाले, "रांजान बरा. एकदाच टाकायचा."

केबिन फोटोतलीच होती. फोटो उन्हाळ्यात काढलेला होता, एवढाच फरक. लाकूड पावसाळ्यात फुगतं हे गावातल्या कुठल्याही सुताराने सांगितलं असतं. काचेचं दार उघडायला दोन माणसं लागत आणि मिटायला दैव. व्हरांडा होता, खुर्ची होती. एकच. तिच्यावर नाना बसले आणि सहल संपेपर्यंत ते कॉफीच्या मगाशिवाय पण त्या बाईच्याच ऐटीत बसून होते. भिंतीवर पाटी होती: 'इथे पक्ष्यांच्या आवाजाने जाग येते.' आत्या म्हणाली, आमच्याकडे पण येते, कोंबडा ठेवलाय.

मोबाइलला रेंज नाही हे कळायला पाच मिनिटं लागली आणि ते मान्य करायला संध्याकाळ. शोधता शोधता फाटकाजवळच्या आंब्याखाली एक काडी मिळते असा शोध लागला. मॅलेटसाहेबांनंतरचा या जिल्ह्यातला हा महत्त्वाचा शोध. लगेच तिथे वर्दळ झाली. मेहुणा गोदामवाल्याशी बोलत होता, ट्रेलर लागला का, माल उतरला का. भाचा कुणाशी बोलत होता ते त्याने सांगितलं नाही. नानांनी खुर्ची आंब्याखाली हलवून घेतली. मग उभ्या माणसांसाठी चहा आला, चहाबरोबर भजी. अंधार पडेपर्यंत त्या फाटकाशी कोन नाका उभा राहिला होता, फक्त खड्डे कमी.

रात्र झाली. जनरेटर बंद झाला आणि ज्याचे पैसे भरले होते ते अखेर मिळालं. पण शांतता म्हणजे आवाज नसणं अशी आमची समजूत होती. जुलैत सह्याद्रीच्या पायथ्याशी बेडूक आणि रातकिडे असतात, आणि त्यांना रात्री दहाचा नियम लागू नाही. एक बेडूक खिडकीखालीच होता. त्याचा ठेका पक्का होता, गाणं मात्र पुढे जात नव्हतं. मधेच सगळे एकदम थांबत, आणि तेच जास्त वाईट होतं. कंटेनरच्या हॉर्नवर झोपणारी माणसं आम्ही. त्या थांबण्यात प्रत्येकाला आपलं काहीतरी आठवत राहिलं. एकाला हप्ता, एकाला गॅस बंद केला की नाही ते. मध्यरात्री कुणीतरी स्पीकर लावला. हळू. मग कुणीतरी उठलं. फाटकावरचा पोरगा आवाज कमी करा म्हणून सांगायला आला. तो मुरबाडकडचाच होता, गाणं ओळखीचं निघालं, आणि तो परत गेला तेव्हा त्याचा शर्ट घामाने भिजलेला होता. त्यानंतर सगळ्यांना छान झोप लागली. पक्ष्यांच्या आवाजाने कुणालाच जाग आली नाही.

सकाळी ओढ्याकाठची फेरी. दादूसने तिच्यासाठी नवे बूट घेतले होते, घोट्याला घट्ट, तळाला दाते. वाट दाखवणारा जवळच्या वाडीतला ठाकर तरुण प्लास्टिकच्या चपला घालून आला. चिखलात बूट दातांपर्यंत भरले आणि दादूस प्रत्येक पावलाला थोडी थोडी जमीन बरोबर घेऊन चालू लागला. चपलावाला पुढे निघून जाई आणि दगडावर बसून वाट बघे. तो मन लावून माहिती सांगत होता. ही कारवी, सात वर्षांनी एकदा फुलते. ही भारंगी. "हिचा पाला उकडून पाणी टाकायचा, कडू असतो," काकी म्हणाली. हा कुर्डू. "कोवला असताना, कांदा घालून." हा दिंडा. "ह्याचं कोंब सोलून." पुढे पुढे तो नुसता हात करी आणि काकी पाककृती सांगे. शहरातलं एक जोडपं आमच्या मागे होतं. त्यातली मुलगी काकीचं बोलणं वहीत उतरून घेत होती. त्या फेरीत कुठलंच झाड नुसतं सुंदर असू शकलं नाही.

ओढा खरोखर देखणा होता. काळ्या दगडांमधून पांढरं पाणी, वर उंबर, पलीकडे भिंतीसारखी डोंगररांग ढगात गेलेली. सगळे गप्प झाले. दादूसने डोळे मिटले. नाना गुडघाभर पाण्यात उतरले, वाकले, दगडाखाली हात घातला आणि चिंबोरी वर काढली.

"पाग आनला असता तं."

मग त्यांनी वाटाड्याला विचारलं, ह्या पानी पुढं जातं कुठं? तो म्हणाला, काळूला. काळू टिटवाळ्याकडे जाते, तिला भातसा मिळते, आणि दोघी मिळून कल्याणच्या अलीकडे उल्हासला. हे भूगोलात आम्ही सगळेच शिकलो होतो. पण भूगोल पाण्यात उभं राहून शिकवत नाहीत. नानांनी बोटाने हवेत नदी काढली. काळू, भातसा, उल्हास, दुर्गाडी. "म्हंजे ह्यो आपल्याच दारात येतो ना?" कुणी उत्तर दिलं नाही. "मंग दोन दिस घरीच थांबला असता तं आपोआप आला असता."

दादूसने सांगायचा प्रयत्न केला की तिथे पोहोचेपर्यंत त्यात वाटेतल्या गावांचं आणि शहरांचं सांडपाणी येतं, वरून जलपर्णी, इथलं पाणी वेगळं. नाना म्हणाले, वेगळं कसं, येताना सगळ्यांना भेटत येतं एवढंच. "२६ जुलै २००५ ला तं घरात आलेला. पलंगापरत. तवा कुनी पैशे मागितलं नाय."

त्यानंतर फेरीत तो पहिलावहिला भाव राहिला नाही. आत्याने ओढ्याला "नीट जा हां" असं सांगितल्याचं मी ऐकलं.

दुपारी शेवटचा कार्यक्रम होता, भातलावणीचा अनुभव. माणशी वेगळे पैसे. चिखल, रोपं आणि फोटोसाठी इरलं त्यात धरून. आता हे जरा सांगायला हवं. आमच्या पट्ट्यात जिथे आज गोदामं आहेत तिथे खाचरं होती. काकीचं अर्धं आयुष्य आवणीत वाकण्यात गेलं. जमीन गेली, पैसे आले, स्लॅब पडला, गाडी आली, आणि काकीची कंबर दुखायची थांबली. जिथे राब भाजायचे तिथे आता रात्रंदिवस कुणाकुणाचे मोबाइल, चपला आणि कुकर पुठ्ठ्याच्या खोक्यांत बसून पुढच्या पत्त्याची वाट बघतात. याबद्दल हळहळणारे लेख मी वाचलेत. ते लिहिणाऱ्यांची कंबर कधी दुखली नसावी असा मला संशय आहे. काकीला जमिनीबद्दल विचारलं तर ती गोदामाचं भाडं वेळेवर येत नाही, एवढंच सांगते.

म्हणून पैसे देऊन चिखलात उतरायचं हे तिला कुणी समजावून सांगू शकलं नाही. ती बांधावर बसणार होती. तीन मिनिटं बसली. शहरातल्या त्या जोडप्याने रोपं उभी खुपसायला सुरुवात केली, मधे दोन दोन हात मोकळे सोडून, आणि पहिलं रोप आडवं झालं. काकीने लुगडं खोचलं. आधी तिने रोप कसं धरायचं ते दाखवलं, मग सगळ्यांना एका रांगेत आणलं, मग दादूसला नव्या बुटांसकट बाहेर काढलं, आणि मग बोलणं बंद करून स्वतः मागे मागे सरकत लावत गेली. हात दिसत नव्हते इतक्या वेगाने. खाचर तिचं नव्हतं, तांदूळ तिचा होणार नव्हता, फोटोही तिने काढू दिला नाही. पलीकडच्या वावरात खरोखरीची आवणी चालली होती. तिथली बाई काम थांबवून बघत राहिली आणि मग ओरडून विचारती झाली, रोजाने येता का, माणसं मिळत नाहीत.

हे काकीला एवढं आवडलं की परतीच्या वाटेवर शहाडला दीड तास अडकलो तरी ती कुणावर खेकसली नाही. दादूस गप्प होता. सोमवारी कामावर कसं जायचं याचा विचार करत होता, कारण पाय सुजले होते. भाचा टोकावड्यालाच दुसऱ्या कुणाच्या तरी गाडीत बसून गेला होता, आणि तो नेमका कुणाचा भाचा हे शेवटपर्यंत ठरलं नाही.

हिशेब मात्र 'मनःशांती'वर अजून चालू आहे. खोल्यांचं जमलं. डब्यांचा दंड कुणी भरायचा यावर मत पडलं की ज्याने बोंबील खाल्ले त्याने, आणि बोंबील कुणीच खाल्ले नव्हते असं निघालं. नानांनी खुर्चीचे पैसे वेगळे धरू नयेत असा संदेश टाकून ग्रुप सोडला. त्यांना परत घेतलं, कारण पैसे त्यांच्याकडेच होते. काकीने तिच्या वाट्यातून भातलावणीच्या अनुभवाचे पैसे तर वजा केलेच, वर अर्ध्या दिवसाची आवणीची मजुरी आणि जोडप्याला शिकवल्याचं काहीतरी कापून घेतलं. तिच्या हिशेबाने दादूसच तिला देणं लागतो. तो विचारतोय, मजुरीचा दर कुठला धरला, मुरबाडचा की भिवंडीचा.